संघदीपची फेरी

तिरोड्यात आजही कोणी आमच्या दुकानात फोटो काढायला आला की खुर्चीत बसता बसता म्हणतो, "संघदीपभाऊ, माहा फोटो काढजा बरं, तुमचा नका काढजा!" आणि आपलं आपणच खदाखदा हसतो. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड होतो. संघदीप मात्र "हाव ना बाप्पा" म्हणतो आणि गिऱ्हाइकाची हनुवटी जराशी वर करतो. चारचौघांत मी नवऱ्याचं नाव घेत नाही, 'हे' म्हणते. इथं मात्र नावानंच सांगणार आहे. एवढं सगळं ज्यानं सोसलं त्याचं नाव तरी नीट येऊ दे.

त्याचे वडील गोंदियाच्या राईस मिलमध्ये हमाली करायचे. पोरगा दहावीत नापास झाला आणि नव्याण्णवच्या लग्नसराईत एका शूटिंगवाल्यामागं हॅलोजनचा दिवा धरून उभा राहायला लागला. पुढं हॅलोजनचा कॅमेरा झाला, कॅमेऱ्याचं दुकान झालं आणि दुकानात मी आले. शूटिंग त्याचं, मिक्सिंग माझं. नवरीच्या पाठवणीला कोणतं गाणं लावायचं यावरून आम्ही जितके भांडलो, तितके घरच्या कशावरूनही भांडलो नाही.

दुकान नवीन होतं तेव्हाची गोष्ट. एका लग्नाची कॅसेट दिली आणि आठवड्याच्या आत नवरीचा मामा काठी घेऊन पायरीवर येऊन बसला. "माहा चेहरा काऊन नाही आला? मी का मेलो होतो?" दिवस मावळला तरी हलेना. गावोगाव बोंब झाली, की संघदीप शूटिंगवाला माणसं गाळतो. आमच्याकडे लग्नाचं शूटिंग लोक नवरा-नवरीसाठी थोडंच पाहतात! आपण कुठं दिसलो, कोणत्या लुगड्यात दिसलो, हे पाहतात. चेहरा नाही आला म्हणजे मान नाही दिला.

त्या मामानं संघदीपला फेरी शिकवली. हार पडला, टाळ्या वाजल्या, की कॅमेरा डावीकडून उजवीकडे फिरवायचा. पुढच्या खुर्च्यांपासून पार चुलीजवळ पुऱ्या तळणाऱ्या बायांपर्यंत. एकही चेहरा सुटता कामा नये. पुढच्या वर्षांत ते त्याच्या मनगटात इतकं भिनलं, की घरी टीव्हीत टाळ्या वाजल्या तरी त्याची मान डावीकडून उजवीकडे फिरायची. मी म्हणायची, "अहो, इथं वऱ्हाडी नाहीत, मी एकटीच आहे."

दोन हजार पंधराच्या जानेवारीत भूमेश्वरी दुकानात आली. दरेकशाच्या ग्यानीरामकाकांची ही पोरगी. पोवार समाजातली, पुण्यात कॉम्प्युटरची नोकरी करणारी, झपझप चालणारी आणि झपझप बोलणारी. म्हणाली, "दादा, आमच्या धानशेतात, बांध्यांमध्ये, तीन दिवसांचा हॅकर कॅम्प आहे. पुण्याचे, हैदराबादचे, बंगलोरचे लोक येऊन राहिले. सगळी भाषणं लाईव्ह दाखवायची आहेत. पगारी कोणीच नाही. स्वयंपाकी सोडून सगळे स्वयंसेवक."

"हॅकर म्हंजे ते चोरटे ना?" संघदीपनं विचारलं.

"माझे बाबाही हेच म्हणाले. नाही हो. वस्तू उघडून पाहणारे, मोडून पुन्हा जोडणारे लोक."

मला वाटलं, हा फुकटचं काम ऐकून नाही म्हणेल. पण त्याच्या कानात एकच शब्द शिरला होता, लाईव्ह. आमचं काम कसं, की लग्न झालं, पोरगी सासरी गेली, कधी कधी तिची ओटीसुद्धा भरून झाली, तेव्हा कुठं लोक शूटिंग पाहणार. माणूस हसला त्याच घडीला दहा गावांत ते हसू दिसावं, याचं त्याला भलतंच वेड होतं. "येतो," म्हणाला. मला विचारलंसुद्धा नाही. आणि भूमेश्वरी पायरी उतरते ना उतरते, तोच हा केबलवाल्या शालीकरामच्या ऑफिसात पोचला. "कॅम्पचं लाईव्ह तू आपल्या तिरोड्याच्या चॅनेलवर लावजो. इतवारी दुपारी. अख्खं तिरोडा पाहीन!" शालीकरामनं लगेच पडद्याच्या खाली पट्टी चालू केली. पट्टीत संघदीपचं नाव होतं. तीन-चार दिवस हा माणूस जेवताना टीव्हीकडं तोंड करून बसायचा, ती पट्टी पाहायला. हे शालीकरामचं भूमेश्वरीला सांगावं, हे काही त्याला सुचलं नाही. सांगायचं काय त्यात? लग्नाला जास्त माणसं आली तर वरमाय रागावते का?

दरेकशाला आम्ही पोचलो तेव्हा धान कापून बांध्या मोकळ्या झाल्या होत्या. धसकटांत रंगीबेरंगी तंबू लागले होते. एका उंच बांधीत स्टेज आणि त्याच्या मागं, चित्रात बोलणाऱ्याच्या खांद्यालगतच दिसेल असा एक उंच बांबू. बांबूवर छत्री बसवली होती आणि ती डोंगराकडं तोंड करून सालेकशाच्या टॉवरवरून इंटरनेट ओढत होती. बांबूला कंबरेएवढ्या उंचीवर एक डबी बांधली होती. कॅमेऱ्याचं चित्र वायरनं त्या डबीत जायचं आणि डबीवर हिरवा दिवा लागला की समजायचं, चित्र जगात गेलं. संघदीपचा कॅमेरा स्टेजसमोर, लोकांच्या मधोमध. माझा कॉम्प्युटर सगळ्यांच्या मागं, ताडपत्रीखाली.

पहिल्या दुपारी धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, बसून बैठक झाली. भूमेश्वरीनं एक एक गोष्ट समजावली. एरवी चित्र माझ्या कॉम्प्युटरमधून जाणार, पण तो बंद पडला तरी लाईव्ह थांबू नये, म्हणून कॅमेरा थेट डबीलाही जोडला होता. जनरेटर गेला आणि आला, तर माझा कॉम्प्युटर उठेपर्यंत डबी आपली आपण चित्र पाठवत राहणार. आमच्या इंटरनेटवाल्या पोरीची युक्ती आहे म्हणाली. मी म्हटलं, वा. मग तिनं आवाज जरा कडक केला.

"आणि एक. कॅमेरा लोकांवर न्यायचा नाही. एकदाही नाही. ज्यांच्या गळ्यात लाल पट्टी आहे त्यांना तर दिसायचंच नाही कुठं."

संघदीपचा चेहरा असा झाला, जसं काही त्याला सांगितलं, की जेवायला बस पण तोंड उघडू नको. "लोकांवर नाही न्यायचा? मंग लोक म्हणतीन ना, शूटिंगवाला झोपला होता!"

"म्हणणार नाहीत, दादा. उलट नेलात तर चिडतील."

"कायले पण? चांगले कपडे घालून आले आहेत…"

"दादा, कोण कशासाठी लपून राहिलं असतं, आपल्याला काय माहीत?"

त्यानं मान हलवली. पटलं नव्हतं, मला ठाऊक आहे. मान हलवली की पटलं, असं समजणारी माणसं त्याच्याशी लग्न झालेली नसतात.

मग नुसतं आमच्यापुरतं तपासून पाहू म्हणून कॅमेरा सुरू केला. छत्री अजून डबीला जोडली नव्हती. एक पोरगा स्टेजवर चढून माइकमध्ये काहीतरी गमतीचं बोलला, बसलेल्यांनी टाळ्या वाजवल्या. आणि माझ्या पडद्यावर स्टेज सरकायला लागलं! डावीकडून उजवीकडे. पुढची रांग, मधली रांग, दाढीवाले, चष्मेवाले, धुऱ्यावरच्या पोरी. टाळ्यांबरोबर मनगट फिरलं होतं. मी ओरडणार, तोच फेरी मध्येच अडखळली आणि एका चेहऱ्यावर थांबली. गळ्यात लाल पट्टी. केस मानेपर्यंत कापलेले. दात दिसेपर्यंत हसत होती.

मी तो चेहरा ओळखला. संघदीपनंही ओळखला होता, म्हणून तर कॅमेरा थांबला.

ती रचना होती, तिरोड्याच्या मुन्नीबाईंची पोरगी. गेल्या वर्षी तिचा साखरपुडा आम्हीच शूट केला होता. तिच्या चेहऱ्यावर मी कितीतरी दुपारी गाणी बसवली होती. लग्नाच्या आधीच ती घरातून गेली आणि नागपुरात कॉलेजमधल्या पोराशी कोर्टात लग्न केलं. पोरगा आमच्या समाजातला, बौद्ध. मग तिचा थोरला भाऊ बिसराम आमच्या दुकानात आला. साखरपुड्यातून तिचा फोटो काढून घेतला, त्याच्या प्रती केल्या. जाताना काउंटरवर दोन्ही हात टेकून म्हणाला, "दिसली का सांगजो, संघदीप. दोघांचेही पाय तोडून ठेवतो." तो रागात बोलला नव्हता. भाजी काय केली सांगावं तसा बोलला होता, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली होती.

रचनानंच आम्हाला गाठलं. कॅमेऱ्याजवळ आली आणि तिचं हसू मावळलं. "दादा, तुम्ही तिरोड्याचे ना? साखरपुड्याचे?"

"हाव, बाई."

"भूमेश्वरी माझी कॉलेजातली मैत्रीण आहे. छत्री, डबी, सगळं इंटरनेट मीच बघते. मला वाटलं, हे लाईव्ह पुण्या-हैदराबादचे लोक पाहतील. तिरोड्यात कोण पाहायला बसलंय?"

संघदीपनं माझ्याकडं पाहिलं. मी त्याच्याकडं.

"मी सांगितलं आहे शालीकरामले," तो म्हणाला. "केबलवर लावायले. अख्खं तिरोडा पाहीन म्हून."

मला तर वाटलं, त्याला तिथंच धुऱ्यावरून ढकलून द्यावं. हौसेला मोल नसतं म्हणतात, पण मोल तर असतंच, आणि ते दुसऱ्याच कोणाला तरी द्यावं लागतं!

आधी त्यानं ती फेरी तिच्यासमोर पुसून टाकली आणि तू इथं आहेस हे कोणाला सांगणार नाही, असा शब्द दिला. मग शालीकरामला फोन लावला. फोनला रेंज मिळावी म्हणून आम्ही तिघं दरेकशाच्या स्टेशनाकडं चढावर गेलो होतो. आवाज मोठा होता, मला सगळं ऐकू येत होतं.

"शालीकराम, ते इतवारचं राहू दे. नको लावू."

"काऊन बे? पट्टी फिरून राहिली ना गावात!"

"तसं नाही… मजा नाही त्यात काही. इंग्रजीत बोलून राहिले सगळे."

"असू दे इंग्रजीत. तू कायले घाबरून राहिला? कोण आलं आहे तिथं असं?" आणि हसून म्हणाला, "हे पाह्य, बिसरामभाऊ बसले आहेत माह्यासमोर. तेही पाहणार आहेत. देऊ का त्याइले फोन?"

रचना रुळाकडं तोंड करून उभी होती. तिनं ओढणीचं टोक मुठीत इतकं आवळलं होतं, की बोटं पांढरी पडली.

"नको नको," संघदीप म्हणाला. "लाव तू. लाव. मी उगाच मजाक केली."

आता मागं फिरता येत नव्हतं. नको म्हणायला गेलं तर 'का?' येणार, आणि त्या 'का'च्या पाठोपाठ बिसराम दरेकशाला येणार. कॅम्पवर परतलो तेव्हा भूमेश्वरी म्हणाली, मी रचनाला आजच नागपूरला पाठवते. रचनाच ऐकेना. "छत्री कोण सांभाळणार? आणि आणखी किती दिवस पळू मी? कॅमेरा लोकांवर नाही ना जात? मग मी वहिनींच्या मागं ताडपत्रीत बसते." असं म्हणून तिनं संघदीपकडं पाहिलं. "दादा, फक्त तुमचा हात."

संघदीपनं मान खाली घातली. त्याला स्वतःच्या हाताचा भरवसा नव्हता, हे तिलाही माहीत, मलाही. शेवटी मीच सुतळी आणली. कॅमेऱ्याच्या स्टँडचा तो दांडा असतो ना, ज्यानं कॅमेरा फिरवतात, तो मी स्टँडच्या पायाला करकचून बांधला. गाठीवर गाठ. पंधरा वर्षं मुरलेल्या शूटिंगवाल्याचा दांडा त्याच्याच बायकोनं बैलासारखा खुंट्याला बांधला. त्यानं एक शब्द काढला नाही. म्हणाला एवढंच, "आणखी एक वेढा दे."

रविवारची दुपार झाली. भूमेश्वरीचंच भाषण होतं. रानडुक्कर शेतात शिरलं की फोनवर घंटी वाजवणारं यंत्र तिनं गावातल्या लोकांबरोबर बसून केलं होतं, ते ती मराठीत सांगणार होती. तंबूवाल्यांबरोबर दरेकशाची माणसंही धुऱ्यांवर येऊन बसली होती. डबीवर हिरवा दिवा. तिकडं शालीकरामचा फोन येऊन गेला होता, "मस्त दिसून राहिलं!" रचना माझ्या मागं पोत्यावर बसली होती, गुडघे पोटाशी घेऊन. माझा एक डोळा पडद्यावर, एक संघदीपच्या पाठीवर. लोकांनी टाळ्या वाजवल्या की त्याचा उजवा खांदा उडायचा, सुतळी ताणायची, आणि चित्र जागचं हलायचं नाही. कधी एकदा हे भाषण संपतं असं झालं होतं.

आणि जनरेटर धापा टाकत बंद पडला.

माइक गेला, माझा कॉम्प्युटर गेला, डबीवरचा दिवा गेला. लोक उठून उभे राहिले. कोणी जनरेटरकडं धावलं. थोड्या वेळानं जनरेटर सुरू झाला, माइक कुरकुरला, पण डबीचा दिवा काही लागेना. भूमेश्वरी स्टेजवरून हात हलवायला लागली. मी मागं वळले, तर पोतं रिकामं. रचना गेली होती.

माणसाच्या अंगात काम असतं ना, ते असं घात करतं. आपण बांधलेली वस्तू बंद पडलेली पाहवत नाही. ती गर्दीतून वाट काढत सरळ स्टेजवर चढली, भूमेश्वरीच्या मागं, बांबूजवळ. पाठ लोकांकडं. वायर काढली, फुंकली, पुन्हा खोसली. दिवा बंद होता तोवर तिला कोणाचीच भीती नव्हती. बंद लाईव्हमध्ये कोण दिसणार?

पण दिवा तर तीच लावायला गेली होती!

मी घाईघाईनं माझा कॉम्प्युटर चालू करत होते. पडद्यावर नुसतं गोल फिरत होतं. तो उठला असता तर मी कॅम्पच्या नावाचं चित्र लावून दिलं असतं. पण त्याआधी डबी उठणार, आणि डबीला कॅमेरा थेट जोडलेला. रचनाचीच युक्ती. मी ओरडले, "रचना!" माझा आवाज जनरेटरच्या घुरघुरीत गेला. मी धावत निघाले. धसकटं पायाला टोचत होती.

हिरवा दिवा लागला.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. कोणासाठी? ज्या पोरीनं दिवा लावला तिच्यासाठी. आणि माणसासाठी टाळ्या वाजल्या तर माणूस काय करतो? वळतो. ती वळायला लागली.

मी गर्दीतून संघदीपला पाहिलं. त्यानं दांडा ओढला. त्याला कॅमेरा फिरवायचा होता, कुठंही, आभाळाकडं, डोंगराकडं. सुतळीनं फिरवू दिला नाही. माझ्याच गाठी. त्यानं दोन्ही हातांनी हिसका मारला, स्टँड डुगडुगलं, चित्र तिथंच. आणि मग त्यानं स्टँड सोडलं, एक गिरकी घेतली आणि कॅमेऱ्याच्या पुढं येऊन उभा राहिला. स्वतःचं थोबाड काचेला चिकटेल इतकं जवळ आणलं. दोन्ही हात दोन बाजूंना कानांशी नेले, चौकटीतून काही सुटू नये म्हणून, आणि हसला. बाई गं, काय ते हसणं!

"जय भीम! राम राम, तिरोडावाले!" तो ओरडला. "मी संघदीप! संघदीप शूटिंगवाला! दिसून राहिलो ना?" इथवर ठीक. पुढं त्याला काही सुचेना. हा माणूस पंधरा वर्षं कॅमेऱ्याच्या मागं उभा राहिलेला, पुढं येऊन बोलायचं त्याला काय माहीत? त्याच्या तोंडात लग्नातलं होतं तेच आलं. "सर्व पाहुण्यांना नम्र विनंती आहे, जेवल्याशिवाय कोणी जाऊ नये! वरपक्षाकडून आपलं हार्दिक स्वागत आहे! मुलीकडच्यांनी मंडपात यावं!" धुऱ्यावरचे लोक पोट धरून हसायला लागले. पुण्याची पोरं आ वासून पाहत होती. तो थांबेना. माझ्याकडं त्याचा एक डोळा होता आणि तो डोळा हसत नव्हता.

मी स्टेजवर चढले, रचनाचा हात धरला आणि तिला बांबूमागून खाली ओढलं. वळसा घालून तिला ताडपत्रीत आणलं. मी मागून हात वर केला तेव्हा कुठं संघदीप बाजूला झाला, आणि स्टेजवर एकटी भूमेश्वरी दिसली.

नंतर भूमेश्वरी म्हणाली, "दादा, वायर ओढायची ना नुसती." ओढायची! ती वायर त्यानंच कोणी अडखळू नये म्हणून चिकटपट्टीनं जागोजागी डकवली होती. आणि मागून शहाणपण सगळ्यांनाच येतं. तो म्हणाला, "सुचलं तेच केलं." मग एका बाजूला जाऊन बसला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. मी पाणी घेऊन गेले तर म्हणतो, "रीना, फार भेसूर दिसलो का गं?" मला हसू आलं आणि रडूही आलं.

तिरोड्यात आलो तर स्टेशनापासूनच सुरू. "या हिरो!" "अबे, सोताचंच थोबाड दाखवलं लाईव्हमंधी!" शालीकरामनं तर ते कापून ठेवलं होतं, केबलवर गाण्यांच्या मधे मधे लावायचा. एका घरानं ठरलेलं लग्नाचं काम काढून घेतलं. "आमच्या नवरदेवाऐवजी तुमचंच शूटिंग कराल." जो माणूस एवढी वर्षं गावातला एकेक चेहरा सांभाळत आला, त्याला लोक म्हणायला लागले, की याला दिसायची हाव आहे. मी तर रोज भांडायला उठायची. "सांगा ना एकदाचं खरं! कायले ऐकून घेता?" तो म्हणायचा, "रीना, चूप. पोरीच्या पायापेक्षा माहं नाव मोठं आहे का?"

बिसरामही आला एक दिवस, धाकट्या भावाच्या लग्नाचं विचारायला. काउंटरवर तसेच दोन्ही हात टेकले. "काय रे, तुह्या लाईव्हमंधी तुह्याशिवाय काहीच नाही दिसलं ना बे आम्हाले!"

"हाव ना भाऊ," संघदीप हसून म्हणाला. "चूकच झाली." मी आतल्या खोलीत मिक्सिंग करत होते. माझी बोटं कळांवर जागच्या जागी थांबली.

त्या लग्नाचं शूटिंग आम्ही केलं. फेरी केली. मुन्नीबाई प्रत्येक फेरीत दिसल्या, पण एकाही ठिकाणी हसताना दिसल्या नाहीत.

लग्नाची सीडी न्यायला त्या स्वतः आल्या, एकट्या, दुपारी, डोक्यावर पदर घेऊन. सीडी पिशवीत टाकली तरी जाईनात. मी चहा ठेवते म्हटलं, तर नको म्हणाल्या. मग संघदीपकडं न पाहता, भिंतीवरच्या फोटोंकडं पाहत बोलल्या.

"त्या दिवशी मी टीव्हीपुढंच बसली होती, बापू. तू आडवा येण्याच्या आधी एक पोरगी दिसली. पाठमोरी. डाव्या हातानं वायर खोसून राहिली होती." त्यांनी पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "लहानपणी तिच्या डाव्या हातावर मी किती मारलं, घास उजव्या हातानं खा म्हून. माय आहे मी. पाठ नाही ओळखणार?"

संघदीप खुर्चीवरून उठला होता. मला वाटलं, आता भांडं फुटलं.

"बिसरामनं नाही ओळखलं," त्या म्हणाल्या. "मी कोणाले सांगितलं नाही. सांगणारही नाही." मग पदराचं टोक तोंडाशी नेलं. "तिचा चेहरा आहे का तुह्याजवळ? साखरपुड्याचा नको. त्यात ती रडून राहिली होती, ते आम्हाले तेव्हा दिसलंच नाही."

चेहरा नव्हता. तो एकच होता, हसरा, आणि तो त्यानं रचनासमोर पुसून टाकला होता. मी संघदीपकडं पाहिलं. मानेनंच 'नको' म्हटलं. त्यानं पोरीला शब्द दिला होता, आणि बाईच्या पोटातलं उद्या ओठावर आलं तर?

"नाही, काकू," तो म्हणाला. "मी कोणालेच पाहिलं नाही."

त्यांनी मान हलवली. हळूहळू पायऱ्या उतरल्या. खालच्या पायरीवर चप्पल शोधायला वाकल्या, तेव्हा संघदीप काउंटरमागून बाहेर आला. मी त्याचा सदरा धरला. त्यानं माझा हात हळूच सोडवला.

"काकू," तो म्हणाला. "हसून राहिली होती. दात दिसेपर्यंत."

मुन्नीबाई वाकलेल्या होत्या, तशाच थोडा वेळ राहिल्या. मग त्यांनी चप्पल घातली आणि घराकडं चालू लागल्या.